इब्राहीमचाचांची जाळरेषा

इब्राहीमचाचा कुठल्याही झाडाखाली बसण्याआधी त्याच्या बुंध्याशी तांब्यातलं थोडं पाणी ओतायचे. भर पावसाळ्यातसुद्धा! आम्ही हसायचो. "हसा, हसा," ते म्हणायचे, "तिकडं झाडाला पाणी घालायला पगारी माणूस ठेवतात. तो माणूस मी होतो."

विशी-बाविशीत ते पोलादपूरहून आखातात गेले. बाकीचे ड्रायव्हर झाले, दुकानात लागले. यांच्या वाट्याला रस्त्याकडेच्या झाडांना टँकरने पाणी घालायचं काम आलं. अकरा वर्षांनी परतले ते थेट गावामागच्या डोंगरावर चढले. दर उन्हाळी वणव्यात काळा पडणारा तो डोंगर. "अल्लानं फुकट दिलं ना, म्हणून आपल्याला किंमत नाय," म्हणत त्यांनी पायथ्याशी गवत कापून जाळरेषा काढायला सुरुवात केली. त्या उघड्या पट्ट्याशी आग थांबते. दरवर्षी, एकट्याने. ऐन, किंजळ, हिरडा पुन्हा उठले. होळीलाच आटणारा वाडीचा झरा मे महिन्यापर्यंत वाहू लागला.

गावाकडे त्यांचं मागणं एकच होतं: भाताच्या रोपांसाठी वावरात पालापाचोळा पसरून राब भाजायचा तर सकाळी, वारं सुटायच्या आत, आणि त्यांना हाक मारून.

मी गावच्या शाळेत मास्तर. एका एप्रिलात मला दुपारच्या एसटीने महाडला जायचं होतं. राबाचा वाळका पालापाचोळा माझ्या वावरात पसरलेलाच होता. म्हटलं, एवढासा तुकडा, त्यासाठी चाचांना कशाला बोलवा? भर दुपारी काडी लावली, विझत आलंसं वाटलं आणि निघालो. संध्याकाळी परतलो तर अख्खा डोंगर धुमसत होता. वाऱ्याने ठिणग्या जाळरेषेपलीकडे नेल्या होत्या.

चाचा राखेत बसले होते. "मास्तर, कुणी लावली असंल?"

"कोण जाणे! एखाद्या गुराख्याने बिडी टाकली असेल."

जीभ झडली कशी नाही माझी!

त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. "माझाच पट्टा अरुंद पडला," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी साठीला टेकलेला तो माणूस दुप्पट रुंद जाळरेषा काढायला निघाला. धाप लागायची, तरी ऐकायचे नाहीत. शाळा सुटली की मी कोयता घेऊन सोबत जायचो. रोज ठरवायचो, आज सांगायचंच. कामाच्या शेवटच्या दिवशी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरताना ते म्हणाले, "या डोंगराची कळकळ अख्ख्या गावात तुमाला एकट्याला हाय, मास्तर."

त्याच पावसाळ्यात ते गेले. मयतीला मी खांदा दिला. लोक म्हणाले, चाचांचा खरा शागीर्द हाच. ती काडी माझी होती, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.