सशाचं प्रतिपिंड आणि एकाच ताग्यातले शर्ट

मी शिकलो तो मामांमुळे, हे आधी सांगतो. ते दौंडला रेल्वेत रुळांच्या कामावर होते. शिरूरची शाळा संपल्यावर त्यांनी मला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं आणि तिथून डेमूने जाऊन-येऊन मी पुण्याचं कॉलेज केलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच.

पुढे मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागलो. माझ्या कामातला ससा तेवढा मामांच्या पक्का लक्षात राहिला. "काय भाचेबुवा, ससं काय म्हणत्यात?" असं ते विचारायचे. ससे मी कधी पाहिलेच नव्हते. माझ्याकडे यायची ती छोटीशी कुपी. सशाला एखादं प्रथिन टोचलं की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. ती त्याच्या रक्तातून काढून घेतात. ती एकाच जातीची नसतात. काही प्रथिनाचं एक टोक ओळखतात, काही दुसरं, काही मधलाच तुकडा. म्हणून त्यांना पॉलिक्लोनल म्हणतात. पेशीतल्या गर्दीतून आपलं प्रथिन शोधायला ती फार उपयोगी.

प्रतिपिंडं ज्या प्रथिनाला धरतात, त्याचा एक काळा पट्टा फिल्मवर उमटतो. माझ्या कुपीने मात्र एका पट्ट्याऐवजी दोन दाखवले. वरचा माझ्या प्रथिनाचा. खालचा कोणाचा, ते कळेना. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पुढच्या बैठकीपर्यंत या दुसऱ्या पट्ट्याचा उलगडा कर, नाहीतर विषय बदलू." विषय बदलायचा म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रतिपिंड चांगलं आहे याची मला खात्री होती, पण ते सिद्ध करायचं कसं?

त्या रविवारी दौंडला मामेबहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात सगळ्या भाच्यांना एकाच ताग्यातले शर्ट शिवतात. मांडवात मामांनी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माझ्या मावसभावाच्या पाठीत धपाटा घातला.

"सशाचे डाक्टर, जेवला का न्हाई?"

तो वळला. "मामा, माझ्या कोंबड्या हायेत. ससंवाला त्यो तिकडं."

"आरं, पाठीकडनं समदी सारखीच की! तोंड दिसल्याबिगर वळखावं कसं?"

सगळे हसले, मीही हसलो. आणि हसता हसताच मला खालचा पट्टा आठवला. माझ्या प्रथिनाचं एक भाऊबंद प्रथिन आहे. दोघांचा एक तुकडा अगदी सारखा. त्या तुकड्यावरून ओळखणारी प्रतिपिंडं दोघांनाही धरणारच.

सोमवारी मी ते भाऊबंद प्रथिन बारीक मण्यांवर चिकटवलं आणि कुपीतली थोडी प्रतिपिंडं त्यांवरून सोडली. सारखा तुकडा धरणारी तिथेच अडकली, उरलेली मी गोळा केली. तुलनेसाठी थोडी नुसत्या मण्यांवरूनही सोडली. मग दोन्हींची फिल्म काढली. नुसत्या मण्यांवरून गेलेल्यांच्या फिल्मवर दोन्ही पट्टे तसेच आले. दुसऱ्या फिल्मवर एकच, वरचा, ठसठशीत. मॅडमनी दोन्ही फिल्म उजेडापुढे धरल्या.

"लिहायला घे," त्या म्हणाल्या.

मामांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र पाठवलं:

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.
विषय बदलावा लागला नाही. दुसरा पट्टा कोणाचा ते सापडलं, आणि त्याची वाट मला लग्नात तुमच्यामुळेच सुचली. आता माझा पहिला लेख होईल. लेखाच्या शेवटी आभार मानायला जागा असते, तिथे तुमचं नाव इंग्रजीत घालतो आहे. रेल्वेच्या ओळखपत्रावर स्पेलिंग चुकलंय असं मामी म्हणतात. बरोबर कोणतं ते कळवा. एकदा छापलं की बदलता येत नाही.
तुमचा भाचा