यमीच्या भावाचं गोणपाट

यमी गेली.

आज सकाळी, कळंबला, लेकाच्या घरी. वय विचारू नका, माझ्याएवढंच.

फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. चहा संपवला. या वयात असे फोन येतातच.

पण तिची एक गोष्ट आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय. टायपिंग स्वतः करतोय, चुका पोटात घाला.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आमच्या गावची शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. चार इयत्ता, एक गुरुजी.

जमीन शेणाने सारवलेली, पावसाळ्यात गार आणि ओलसर. म्हणून प्रत्येकाने बसायला घरून गोणपाट आणायचं. संध्याकाळी गुंडाळून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि घरी पळायचं.

यमी दुसरीत, मीही दुसरीत. तिचा भाऊ गणू तिसरीत. तो मारकुटा होता, खोटं कशाला सांगू?

भाद्रपदात गणूला ताप भरला आणि चार-पाच दिवसांत तो गेला.

आमच्याकडे रीत अशी, की गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाही, नदीला सोडायचं. यमीच्या आज्याने सगळं सोडलं. सदरा, घोंगडी, टोपीसुद्धा.

गोणपाट मात्र राहिलं. ते शाळेत होतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही.

यमी शाळेत आली. आधी स्वतःचं गोणपाट अंथरलं, मग शेजारी गणूचं. रोज तेच. कुणी त्याच्यावर पाय ठेवला की चावायला धावायची.

आम्ही पोरं घाबरलो. "गणू बसलाय तिथं" असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे लांब सरकलो. मी सगळ्यात आधी सरकलो.

घरोघरी बातमी गेली. दोन दिवसांत यमीचा आजा ओसरीवर हजर.

"गुरुजी, ते गोणपाट द्या. नदीला सोडायचं हाय."

यमी त्यावर पालथी पडली. दोन्ही मुठींत कडा धरलेल्या.

आता आमच्या गुरुजींविषयी. ते कर्जतचे, जुन्या नोकरदार घरातले. प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते. छडी होती आणि ती चालायची. त्यांना जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

ते आज्याला म्हणाले, "देता येणार नाही. ते शाळेचं आहे."

"शाळंचं कसं? माझ्या सुनंनं शिवलंय त्ये."

"शाळेत आलं की शाळेचं."

असा कुठलाही नियम नव्हता. गुरुजी चक्क थाप मारत होते, तेही देवळात बसून.

आजा तापला. "मेलेल्याचं हाय त्ये. पोरांना काय झालं तर? ऱ्हाऊ द्या मंग. पोरीलाच पाठवत नाय उद्यापासून. पोरीच्या जातीला शाळा करायची काय?"

आणि त्याने यमीचा दंड धरला.

गुरुजी खुर्चीवरून उठले. यमीला म्हणाले, "जरा सरक." ती सरकली. ते तिच्या भावाच्या गोणपाटावर मांडी घालून बसले.

"आजोबा, मला काही झालं तर पोरीला घेऊन जा. तोवर ती येईल. बाळू, सतराचा पाढा सुरू कर."

बाळू म्हणजे मी. सतराचा पाढा मला तेव्हा धड येत नव्हता, पण भीतीने सगळा आला.

दुसऱ्या दिवशी आजा बघायला आला. गुरुजी जिवंत. तिसऱ्या दिवशीही आला. गुरुजी जिवंतच, वर आमच्या पाठीत छडी घालताहेत. मग भाताची कापणी आली आणि आज्याला वेळ मिळेना.

यमी शाळेत टिकली, ती अशी.

वर्गात ती मधेच रडायची. आम्ही पाढे म्हणत असायचो आणि हिचं सुरू. गुरुजी तिच्याकडे बघायचेही नाहीत. एकदा एक मोठा मुलगा "गप की गं" म्हणाला, तर त्याला छडी मिळाली. यमीला तेवढं म्हणाले, "तुझं झालं की आमच्यात ये."

मग ती नाक पुसून जिथे आम्ही असू तिथून पाढा धरायची.

पुढच्या वर्षी पहिलीत आलेल्या एका पोरीला तिने ते गोणपाट आपणहून बसायला दिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

यमी चौथी पास झाली. मग लग्न, शेती, चार मुलं. मी नोकरीसाठी कल्याणला गेलो, तिथलाच झालो.

माझ्या पणतीच्या शाळेत आता काउन्सेलर मॅडम आहेत. मुलं उदास असली तर त्यांच्याकडे पाठवतात. फार चांगलं आहे. गेल्या दिवाळीत फोनवर मी यमीला हे सांगितलं आणि वर माझी अक्कलही पाजळली. म्हटलं, "गुरुजींनी तुझं शिक्षण वाचवलं बघ."

ती हसली.

"शिक्षण कसलं रं बाळू? घरात रडायची बंदी हुती. आज्जी म्हनायची, रडलीस तर गणूला पुढची वाट गावायची नाय. आई पन गप, आमी समदी गप. मी शाळंत शिकाया येतच नव्हते. रडाया यायचे."

ऐंशी वर्षं मी ही गोष्ट चुकीची समजत होतो.

फोन ठेवल्यावर मला गुरुजींची फार आठवण आली. आणि त्या घरात गप्प बसलेल्या तिच्या आईची.

यमे, तुझ्या मुलांना आत्ताच फोन करून सांगितलंय, आईसाठी पोटभर रडा म्हणून. तुझी वाट अडणार नाही.

नमस्कार.