हायवे ओलांडताना

लग्न झालं तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि क्रॉस कंट्री धावत होते. सासरी दोन्ही चालवून घेतलं. सासूने अट एकच घातली, ओढणी अंगावरून उतरायची नाही. मी ती कमरेला गच्च बांधून धावायचे. कंबर हीसुद्धा अंगच, त्यामुळे कोणाला बोलायला जागा नव्हती.

त्या वर्षी झोनची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याच कॉलेजने घेतली. धानकापणीचे दिवस. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या मुली आल्या होत्या, सालेकशाकडच्या तर अनवाणी. पहिल्या सहा जणी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. संघात गेलं की ब्लेझर मिळायचा. पीटीचे सर म्हणायचे, पुढे भरतीतही उपयोगी पडतं. भरतीचं मी काही ठरवलं नव्हतं. पण तो निळा कोट घालून सासरच्या अंगणात एकदा उभं राहायचं, हे मात्र मनात पक्कं होतं.

वाट धानाच्या बांध्यांच्या कडेने नाल्यापर्यंत जाऊन परत यायची आणि शेवटी हायवे ओलांडून कॉलेजच्या गेटात शिरायची. रस्ता चौपदरी व्हायचा होता, पण ट्रकांना काही तोटा नव्हता. तिथे गाड्या अडवायला कॉलेजची दोन पोरं उभी राहणार होती.

हायवे दिसला तेव्हा मी पाचवी होते, पायांत अजून दम होता. आणि रस्त्याच्या मधोमध भासरे उभे होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे सून त्यांच्यासमोर डोकं झाकते, त्यांच्याशी बोलत नाही, ते वाटेत असले तर कडेला होते. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की विचार करावाच लागला नाही. मी थांबले. कमरेची गाठ सोडली, ती लवकर सुटेना. ओढणी डोक्यावरून घेतली आणि बाभळीखाली मान घालून उभी राहिले, ते बाजूला होतील म्हणून. ते होईनात. तोंड फिरवून नुसता खांद्यावरचा दुपट्टा हलवत राहिले. दोन मुली माझ्या शेजारून पळत गेल्या. गेटातून सर ओरडले तेव्हा मी कडेकडेने, चालतच, भासऱ्यांच्या मागून गेले आणि मग धावले.

सातवी आले. हातातोंडाशी आलेला घास घालवला म्हणून सरांनी कपाळावर हात मारून घेतला. मला काहीच वाटलं नाही. पोटऱ्यांत गोळे आले होते, तेवढंच कळत होतं.

संध्याकाळी जाऊ भात वाढत होती. भासरे तिच्याशी बोलले, पण मला स्वयंपाकघरात ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"तिले सांग, तेथची पोरं चहा प्याले गेली होती. मी तिच्यासाठी ट्रक अडवून राहिलो होतो. मंग काऊन थांबली?"

जाऊने माझ्याकडे पाहिलं. उत्तरही तिच्याकडेच द्यायचं होतं.

"त्यायले सांगा, ते समोर उभे होते म्हनून."

आम्ही नेहमीसारखं मागाहून जेवलो.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी भासरे पहाटेच नागझिऱ्याकडच्या सोयऱ्यांकडे निघून गेले. जाऊ म्हणाली, तुझ्या वाटेत येऊ नये म्हणून गेले. मी चांगली धावले. हायवेवर आले तेव्हा पुढे फक्त तिघी होत्या, त्या पलीकडे पोचल्या होत्या. पोरांचा याही वर्षी पत्ता नव्हता. रायपूरकडचे ट्रक एकामागून एक येत होते. मी कडेला उभी राहिले. मागच्या मुली येऊन शेजारी उभ्या राहिल्या, आणि रस्ता मोकळा झाल्यावर सगळ्या एकदमच सुटल्या. त्या घोळक्यात मी कितवी आले ते आठवत नाही. पहिल्या सहांत नव्हते. ते कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

रात्री भासरे परतले. पाटावर बसताच त्यांनी जाऊला विचारलं, आज काऊन मागं पडली.

मी आतून सांगितलं, "ट्रक अडवाले कोनी नव्हतं."

जाऊने ते त्यांना पुन्हा सांगितलं नाही. ते ताटावर हात धरून तसेच बसून राहिले. तेवढं एकदाच मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी.