विन्याचं कोपर

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे जर्मनीत, एर्लांगेनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. कामाच्या वेळी त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून बाहेर येऊन घेतला. "भाऊजी, विनायक गेला," एवढंच म्हणाल्या. सकाळी सायकलवरून कामाला निघाला होता. सिग्नलपाशी उतरला, फुटपाथवर बसला आणि पुन्हा उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. मी मिळेल ती रेगेन्सबर्गची गाडी पकडली. आदल्याच रविवारी त्याने घरी बोलावलं होतं आणि "पुढच्या रविवारी नक्की" म्हणून मी टाळलं होतं, तेच वाटभर डोक्यात फिरत राहिलं. टाळण्याला कारण होतं. त्याला भेटलो की एक गोष्ट सांगून टाकायची असं मी दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी जेवून, गप्पा मारून, न सांगताच परत यायचो. असं अठरा वर्षं चाललं. आता सात आठवडे झालेत... आणि ज्याला सांगायचं तोच नाही.

विन्या पुण्याला इंजिनिअरिंगच्या माझ्याच वर्गात होता आणि कॉलेजच्या संघातला आमचा वेगवान गोलंदाज होता. मी यष्टिरक्षक. विन्या किडकिडीत अंगाचा, लांब हातांचा पोरगा, पण त्याचा चेंडू ग्लोव्ह्जमध्ये बसला की तळवे संध्याकाळपर्यंत चुरचुरायचे. विद्यापीठाच्या संघाची निवड व्हायची होती त्या सामन्यात मी त्याच्या गोलंदाजीवर एक अगदी सोपा झेल सोडला. तो भर मैदानात ओरडला, "ग्लोव्ह्ज घालून भाकऱ्या थापतोयस का रे?" सगळे हसले. पंचांनाही हसू आवरलं नाही. मला ते फार झोंबलं. सामना संपल्यावर निवड समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "तू मागे उभा असतोस. खरं सांग, हा चेंडू टाकताना हात दुमडतो का?" कोपरातून दुमडलेल्या हाताने चेंडू फेकणं म्हणजे क्रिकेटमध्ये चोरीच. मी म्हणालो, "जोर लावतो तेव्हा दुमडतो, सर." खरं तर यष्टीमागून गोलंदाजाचं कोपर नीट दिसतच नाही. ते दिसतं बाजूला उभ्या असलेल्या पंचाला. मागच्याला दिसतो तो अंगावर येणारा चेंडू. पण मी तोंड उघडलं आणि दोन शब्दांत मित्राचं वाटोळं करून मोकळा झालो. यादीत विन्याचं नाव आलं नाही. हात संशयास्पद आहे, असं त्याला कळवलं गेलं. कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याला कळलं नाही अशी माझी समजूत होती. शेवटच्या वर्षी तो सामन्यांना यायचा बंद झाला. "अभ्यास आहे रे," म्हणाला, आणि मी मान डोलावली.

पुढे मी रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात लागलो. तिथे जागा निघाली तेव्हा सगळ्यात आधी विन्याला कळवलं. मैत्रीखातर कळवलं असं सगळे म्हणाले, मीही ते म्हणू दिलं. नव्या लग्नाच्या मेधावहिनींना घेऊन तो आला आणि आमच्याच इमारतीत राहायला लागला. रविवारी आम्ही पायी भटकायचो. वाटेत एक बेसबॉलचं मैदान होतं. एकदा कुंपणावरून चेंडू आमच्या पायाशी आला. विन्याने तो उचलला, चार पावलं पळाला आणि जुन्या सवयीने, हात कानाजवळून ताठ फिरवून, पार दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे पाठवला. टप्पाही पडला नाही. शिक्षकीतून निवृत्त झालेले मॅनफ्रेड तिथले प्रशिक्षक होते. ते कुंपणापाशी आले आणि त्यांनी त्याला नाव विचारलं.

पुढच्या शनिवारी मीही बघायला गेलो. मॅनफ्रेडना पिचर हवा होता, म्हणजे फलंदाजाला चेंडू फेकणारा. बेसबॉलमध्ये हात दुमडल्याशिवाय भागत नाही. ते ओरडत होते, "एलबोगन, विनायक, एलबोगन!" कोपर, विनायक, कोपर! आणि विन्याचा हात काही केल्या वाकत नव्हता. तासाभराने कंटाळून ते मला म्हणाले, "आल्झो, तर, मी आयुष्यभर पोरांना फेकायला शिकवलं. असा सरळ हात बघितला नाही. तुझ्या मित्राच्या कोपराला बिजागरीच नाही." विन्या मात्र पोट धरून हसत होता. "ऐकलंस सुहास? तिकडे दुमडतो म्हणून काढलं, इकडे दुमडत नाही म्हणून शिव्या!" हसताना तो माझ्याकडेच बघत होता. त्या बघण्यात काय होतं ते मी अजून शोधतोय.

वाकवायला त्याला सहा महिने लागले. रोज कामावरून आल्यावर इमारतीमागच्या अंगणात तो फेकायचा आणि मी झेलायचो, पुन्हा मागे मीच. रविवारी चेंडूचा आवाज होतो म्हणून पहिल्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात चिठ्ठी लावली, रविवार म्हणजे रूहेत्साइट, शांततेचा दिवस. मग आम्ही डोनाऊ नदीच्या काठी जायला लागलो. तिसऱ्या वर्षी क्लबने त्याच्याशी करार केला. कारखान्यात अर्धवेळ काम आणि उरलेला वेळ बेसबॉल. चेंडू फेकण्याचा पगार घेणारा आमच्या ओळखीतला हा पहिलाच माणूस. पुण्याहून त्याचे वडील फोनवर विचारायचे, "अरे, तू तिथे नक्की करतोस तरी काय?" वहिनी हसून फोन काढून घ्यायच्या, "बाबा, अहो, तिथे खेळलं म्हणून रागवायचात, इथे पगार देतात." तीन मोसम तो खेळला. शेवटच्या मोसमात एका सामन्यात त्याने ओळीने सात जणांना परत पाठवलं. मैदानातले दोनेकशे लोक उभे राहिले. मीही राहिलो. टाळ्या मात्र वाजवता येईनात... विशीत हे व्हायला हवं होतं, ते पस्तिशीत होत होतं. त्याच हिवाळ्यात खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, बस. "गेनाऊ, बरोबर, बस," विन्याही म्हणाला आणि पूर्णवेळ कामाला लागला.

मी एर्लांगेनची नोकरी धरली ती त्यानंतर. पगार जास्त होता, पण लोकांना सांगितलेलं ते कारण. ग्लोव्हमध्ये बसणाऱ्या चेंडूचा तो आवाज माझ्या मागेच लागला होता. शेजारी कुणी दार लावलं, बसमध्ये कुणी पिशवी खाली टाकली, तरी मी दचकायचो. विन्या गेल्यापासून तर घरात काही पडलेलंही नसतं, तरी ऐकू येतो.

गेल्या शनिवारी वहिनींनी कपाट आवरायला बोलावलं होतं. खालच्या खणातून त्यांनी एक स्टीलची फूटपट्टी काढली, कॉलेजात ड्रॉइंगला वापरायचो तसली. तिच्याभोवती जुनं, पिवळं पडलेलं क्रेप बँडेज गुंडाळलेलं होतं. "ही तुम्ही ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माझी नाही ही." "माहितेय. पण तुमच्यामुळेच आहे ना? लग्नानंतर मी विचारलं होतं, पुण्याहून हे कशाला आणलंस? विनायक म्हणाला, माझा हात दुमडायचा, सुहासने निवडीच्या वेळी सांगितलं. तो मागे उभा असायचा, त्याला दिसणारच, आणि तो कशाला खोटं बोलेल? म्हणून दोन वर्षं गच्चीवर ही पट्टी कोपराला बांधून हात फिरवायचा. दुमडणं पार गेलं, म्हणाला. पण तोवर कॉलेज संपलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, वहिनी." तेवढंच मला येतं.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. आणि त्याने राग धरला नाही, विश्वास ठेवला. मॅनफ्रेडनी बघितलेला तो सरळ हात देवाने दिलेला होता की माझ्या थापेने झाला होता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

ती पट्टी माझ्या टेबलावर आहे. काल तिन्हीसांजेला मी ती उजव्या कोपराला घट्ट बांधून बघितली. चहाचा कप उचलता आला, तोंडापर्यंत नेता येईना. दोन मिनिटांत सोडली. मेधावहिनी, वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती तुमच्याकडे येते हे मला ठाऊक आहे, म्हणून तुमच्यासमोर जे जमलं नाही ते इथे लिहितो. त्याचा हात दुमडताना मी कधीच पाहिला नव्हता.