मेणाचा काळा खडू

बहारीनमध्ये, मनामाच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात शिरलो आणि मेणाच्या खडूंचा वास आला. त्या वासानं मला थेट सित्रा बेटावरच्या जुन्या साइट ऑफिसात नेऊन बसवलं.

आमचे इंग्रज सुपरवायझर, हेन्रीसाहेब, सुट्टीवरून परतले होते. जेवणाच्या वेळी त्यांनी टेबलावर एक लांब कागद उलगडला. त्यांच्या गावच्या चर्चमधल्या थडग्यावर कागद धरून त्यांनी काळा खडू घासला होता, आणि त्या काळ्यात पणजोबांचं कोरलेलं नाव पांढरं उमटलं होतं.

"आमचं सगळं घराणं त्याच आवारात निजलंय. माझ्यानंतर खलास," ते म्हणाले. "तुमच्या गावी कुठे असतात अशी नावं?"

"आमची वस्ती गावकुसाबाहेर, साहेब. तिथं नावं कोण कोरणार?"

तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला, रागही आला. तो कागद दाखवायला त्यांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे आज कळतं.

एक काळा खडू घेऊन नईम भागातल्या माझ्या खोलीवर आलो. माझं नाव असलेली एकच वस्तू सापडली, रेसिडेंट कार्ड. त्यावर कागद धरून खडू घासला. कार्ड गुळगुळीत. कागद नुसता काळा होत गेला.