वरून चौथं काम

मी दहावी नापास, सोयगावकडची. पाऊसच नाय म्हणून आम्ही दोघं नवराबायको पोरगीला घिऊन शहरात आलो, आन् पडेगावच्या रोडला एका टँकरवाल्याच्या हापिसात मला काम लागलं. लावलं ते तिथल्याच काकूनं. काकू तिथं लई वर्षांची, पुंडलिकनगरची, बोलणं अगदी शुद्ध. कॉम्प्युटर मला तिनंच शिकवला.

शहर नुसतं वाढायलं होतं. नव्या नव्या कॉलन्या आन् नळाला पाणी नाय, फोन खाली ठिवायची सोय नव्हती. मालकानं मोठ्या कंपन्यांत असतंय तसलं सॉफ्टवेअर घेतलं. डाव्या हाताला कामांची लांबच लांब यादी, समदी इंग्रजीत. ज्या कामावर दाबलं ते व्हायचं.

मी एकेक अक्षर जुळवून वाचायची. काकूला इंग्रजी यायचं पण दिसायचं नाय. मोतीबिंदू. ओळींच्या पट्ट्या तेवढ्या दिसायच्या. म्हणून ती काचेला बोट लावून मोजायची. वरून पयलं नवीन मागणी, चौथं टँकर पाठवा. कधी चुकली नाय. मालकाला हे माहीत नव्हतं, मला होतं.

मग एक दिवस मालक म्हणला, "दोन बायका आन् एक कॉम्प्युटर, तमाशा लावलाय का? दिवाळीनंतर एकच राहील. बघतो कोण कामाची हाय ते."

पोरगी आठ महिन्यांची, संगं हापिसातच असायची. नवरा बांधकामावर, आन् पाणी नाय म्हणून बांधकामं बी बंद पडायलेली.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरवाला आला. काकू दवाखान्यात गेलेली. तो मला म्हणला, "ताई, ही यादी कुणाला कळत नाही. तुम्ही रोज काय काय करता ते तुमच्या भाषेत सांगा, कुठलं वर, कुठलं खाली. त्याच नावांनी तशी लावून देतो."

मला आयुष्यात कुणी असं इचारलं नव्हतं. मी भराभर सांगत सुटले. मागणीची कामं एका जागी, मग गाडीची, शेवटी मालकाची. नवीन मागणी, मागणी बदला, मागणी शोधा. चौथं सांगताना माझी जीभ अडली. तरी सांगितलं. मागणी रद्द.

"रद्द करताना 'नक्की का' असं परत विचारू दे का त्याला?"

"नको, येळ जातो."

"जागा बदलल्यात हे दुसऱ्या बाईंना सांगाल ना?"

"व्हय."

नाय सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू आली, खुर्चीत बसली, बोट काचेला लावलं. एक, दोन, तीन, चार. एकेका गल्लीच्या मागण्या बी पट्ट्या मोजूनच निवडायची आन् चौथं दाबायची. मी पोरगीला पाजत बघत व्हते.

डायव्हर चहा पीत बसले, त्यांच्या मोबाइलवर फेरीच येईना. दुपारी फोन सुरू झाले. एक बाई म्हणली, "अवो, सकाळपासून हंडे मांडून बसलोय, तुमच्या टँकरला मुहूर्त काढायला बामण बोलावलाय का?" दुसरी म्हणली, "पाणी नसंल तर तसं सांगा, चहानं आंघोळ घालते लेकरांना!"

मालक आत आला. "काकू, डोळे फुटले का तुमचे?"

"मी चौथंच दाबलं हो."

"चौथं? मोजून काम करता? क्या बात है!" हसला, आन् माझ्याकडं वळला. "हिला दिसत नाय, तुला माहीत होतं का गं?"

नाय म्हणले असते तर भागलं असतं. कदाचित दोघींनाबी ठिवलं असतं. मी म्हणले, "व्हय मालक. लई दिवसांपासून."

"मग काढ हिचं नाव. आत्ता."

ते काम यादीत सगळ्यात खाली होतं. 'माणूस काढा'. नाव मीच दिलेलं. दाबलं. काकू मागं उभी होती, पण तिला काय दिसणार.

तिनं पिशवी घेतली. दारात थांबून हळूच इचारलं, "चौथं मुद्दाम बदललंस का गं?"

"नाय ओ काकू! पोरीची शपथ!"

"लेकराची शपथ घेऊ नये," ती म्हणली, आन् पायरी चाचपत उतरली.

नोकरी राहिली. पोरगी आता चालायली. पण नुसती शिंकली तरी मी कामावरून पळत घरी जाते, आन् अंग गार हाय का गरम ते दहादा हात लावून बघते.