भाऊजींच्या टीबीचा सिनेमा

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहा खाली ठेवून हसा. ही गोष्ट सांगताना लोक आधी हसतात आणि मग कपाकडे बघत बसतात, हा माझा अनुभव आहे. काही गाढवपणा असा असतो की तो अडाणी माणसाला जमतच नाही. त्याला पदवी लागते. माझ्याकडे एमएस्सीची होती.

नव्वदीची शेवटची वर्षं. मी बोईसरला एका औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होतो. आमच्याकडे टीबीच्या एका गोळीची पावडर तयार व्हायची. परदेशी गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर काहीतरी झगमगीत दाखवावं असं साहेबांच्या मनात आलं, आणि कुठूनतरी त्यांनी फ्लॉपीवर एक प्रोग्राम मिळवला. त्यात रेणूची चित्रं पडद्यावर यायची. रंगीत, गोल गोल फिरणारी. ते काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला त्याचं वेडच लागलं.

त्यात गंमत अशी होती की नुसतं चित्र नाही, सिनेमा करता यायचा. एका फाइलमध्ये ओळीनं हुकूम लिहायचे. हे दाखव, तांबडं कर, फिरव, थांब, आता हे लपव. कॉम्प्युटर गुमान एकेक हुकूम पाळायचा. आणि प्रत्येक सीन आधीच्या सीनच्या खांद्यावर उभा. एकदा लपवलेलं तुम्ही परत बोलावल्याशिवाय येणार नाही, आणि आधीपासून पडद्यावर असलेलं तुम्ही घालवल्याशिवाय जाणार नाही. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता भाऊजी. माझी थोरली बहीण केळव्याला दिलेली. हरेश्वर भाऊजी बोटीवरचे, माणूस आडव्या बांध्याचा, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर बोटीवरच्यानं मागे वळून बघावं. त्यांना टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत खोकला गेला, ताप गेला, अंगावर मांस आलं. गोळ्या मात्र सहा महिने घ्यायच्या होत्या. त्यांनी पोट ढवळायचं, लघवी केशरी व्हायची. त्यात नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या. भाऊजी म्हणायला लागले की बऱ्या झालेल्या माणसानं औषध का घ्यावं.

ताईनं मला निरोप धाडला. तू औषधाच्या कारखान्यातला, तूच समजाव.

दुसरा कोणी असता तर गेला असता, चार शब्द दरडावून बोलला असता, जेवून परत आला असता. मी सिनेमा करायला बसलो.

सिनेमा असा. पहिल्या सीनला टीबीच्या जंतूच्या आतलं एक प्रथिन, लालभडक, गरगर फिरणारं. जंतू त्याच्या जोरावर आपलं मेणासारखं कातडं तयार करतो. दुसऱ्या सीनला हिरवी गोळी येते आणि प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसते. शेवटच्या सीनला लाल प्रथिन नाहीसं होतं आणि हिरवी गोळी एकटी, विजयी, पडद्याच्या मधोमध. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर मी तो कितीदा तरी चालवून पाहिला. एवढा सुंदर होता की साहेबसुद्धा म्हणाले, हे गिऱ्हाइकालाही दाखवू.

साहेबांनी कॉम्प्युटर रविवारपुरता न्यायची परवानगी दिली. ओळखीच्या टेम्पोत कॉम्प्युटरचा डबा मागे गोधडीत गुंडाळला आणि मॉनिटर मांडीवर घेऊन मी केळव्याला पोचलो. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या, पण काय रुबाब. अख्खी आळी जमली. भाऊजींना मध्ये खुर्ची. ताईनं मॉनिटरला हळदकुंकू लावलं.

फाइल सुरू केली. लाल प्रथिन, म्हणजे आळीच्या लेखी जंतूच, फिरायला लागला. लोक पुढे सरकले. भाऊजींनी विचारलं, ह्यो माज्या छातीत हाय? मी म्हटलं, हा एवढा बारीक, की विचारू नका, पण हाच. भाऊजींनी छातीवर हात ठेवला. चला, म्हटलं, लागला बाण.

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "आता बघा, औषध येतंय."

काही आलं नाही. लाल जंतू जरा थरथरला आणि फिरत राहिला. मी म्हटलं, थांबा, येतंय. तेवढ्यात शेवटचा सीन लागला, लाल जंतू नाहीसा झाला आणि पडदा काळाकुट्ट. त्या काळ्या काचेत भाऊजींचा चेहरा तेवढा दिसत होता.

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "औशद आलंच नाय, तरी गेला की."

मी घाईघाईनं म्हटलं, नाही नाही, काहीतरी चुकलंय, परत लावतो. परत लावला. जंतू आला, थरथरला, औषधाशिवाय गेला. आता सांगा, मी काय केलं होतं? एकदा झालं असतं तर अपघात म्हटला असता. मी प्रयोग दुसऱ्यांदा करून सिद्ध करून दिला. मी ओरडून सांगत होतो की कॉम्प्युटर बिघडलाय. पण ज्याला हळदकुंकू लागलंय त्याला बिघडलेला कोण म्हणणार? भाऊजी उठले, मला पोटाशी धरलं आणि ताईला पापलेट तळायला सांगितलं. मी ते खाल्लं, हेही सांगून टाकतो.

चूक सोमवारी सापडली. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर मी आधीच्या कामासाठी गोळीचा रेणू हातानं उघडून ठेवलेला होता. पहिल्या सीनला तो लपायचा, दुसऱ्या सीनला 'दाखव' म्हटलं की यायचा, म्हणून माझा सिनेमा तिथं चालायचा. केळव्याला तोच कॉम्प्युटर बंद करून नेल्यानं कोरा सुरू झाला. जंतू आणायचा हुकूम फाइलमध्ये होता. तो रंगवायचा, फिरवायचा, लपवायचा, सगळे हुकूम होते. गोळी मुळात उघडायचा हुकूमच लिहिलेला नव्हता. औषधाच्या सिनेमात औषध आणायचं राहिलं होतं.

इकडे भाऊजींनी गोळ्या बंद केल्या. ताईनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. दवाखान्याची बाई घरी आली, तर भाऊजींनी तिला सांगितलं, आमी डोल्यांनी बगितलाय जाताना.

मी पुन्हा केळव्याला गेलो. या खेपेला रिकाम्या हातानं. भाऊजी सुरूच्या बनाजवळ बोटीला तेल लावत होते. मी ठरवलं होतं, आता लपवाछपवी नाही, जे आहे ते सरळ सांगायचं. म्हटलं, भाऊजी, ते चित्र खोटं होतं. मी एक ओळ लिहायला विसरलो. कॉम्प्युटरवर मी जे लिहितो तेच दिसतं.

भाऊजींनी हातातला बोळा खाली ठेवला.

"मंग तू रोग लिवला, म्हून रोग दिसला?"

"हो."

"नाय लिवला आसता, तर नाय दिसला आसता?"

"हो, पण..."

"म्हंजे खरा रोग तू बी नाय बगितला."

मी म्हटलं, तसा कोणीच बघत नाही भाऊजी, शास्त्रज्ञ मोजमापं घेतात आणि त्यावरून चित्र काढतात. ते मानेनंच बरं म्हणाले. मला वाटलं, पटलं. खरं तर पटलंच होतं, पण भलतंच. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. उलट एक मोठं गुपित मी त्यांना विश्वासानं सांगितलं, असं त्यांना वाटलं.

थंडी सरता सरता बोटीवर त्यांना रक्ताची उलटी झाली. बरोबरच्यांनी जाळं तसंच टाकून बोट माघारी आणली. ताईनं मला बोलावलं आणि आम्ही त्यांना पालघरला दवाखान्यात नेलं. त्या आडव्या माणसाला मी एकट्यानं उचलून पायऱ्या चढवल्या. मला मॉनिटर जास्त जड लागला होता. हे मला अजून झोपू देत नाही.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि भाऊजींना जवळ बोलावून दाखवलं. हे पांढरं बघा, हे इथं भोक पडलंय, गोळ्या मध्येच सोडल्यानं असं झालंय. आता रोज इंजेक्शन घ्यायला लागेल.

भाऊजींनी धापा टाकत ते नीट पाहिलं. मग डॉक्टरांना विचारलं, "ह्यो कोनी लिवला?"

डॉक्टरांना कळेना. भाऊजींनी समजावून सांगितलं की काचेवर जो लिहितो त्याच्या मनातलं दिसतं, खरं कोणी बघत नाही, आनि डाक्टर, तुमी रागावू नका, तुमाला बी कोनीतरी फसवलाय.

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी ताईकडे पाहिलं. हे असलं यांच्या डोक्यात कोणी भरवलं, असं त्यांनी विचारलं.

भाऊजींनीच हात उचलून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी आवाजात अभिमान होता.

"आमचा मेवना. बोयसरला सायंटिस्ट हाय."

त्या खोलीत बाकीचे पेशंटही होते. सगळ्यांनी वळून सायंटिस्ट बघितला.

भाऊजी इंजेक्शनं घ्यायला तयार झाले, ते एक्स-रेमुळे नाही. ताईनं त्यांची रक्तानं भरलेली बंडी उशाशी आणून ठेवली आणि विचारलं, ही कोणी लिहिली? त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. रोज इंजेक्शन, रोज गोळ्या, महिनोन् महिने. टीबी गेला. या खेपेला खरंच गेला, डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

पण त्या इंजेक्शनानं कधी कधी कानाची नस जाते. भाऊजींची गेली. आधी कानात शिट्टी वाजायला लागली, मग शिट्टीही बंद झाली. बोटीवर ज्याला हाक ऐकू येत नाही, इंजिनाचा आवाज बदललेला कळत नाही, त्याला कोण नेणार? आता ते पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी विणतात.

मी जातो अधूनमधून. शेजारी बसतो. परवा असाच बसलो होतो, आणि सवयच ना, मी त्यांना समजावायला लागलो. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी कशा असतात, ते इंजेक्शन त्यांच्यात शिरून काय करतं, सगळं हातवारे करून. ते विणत होते, मधूनच माझ्याकडे बघून हसत होते. ताई चहा घेऊन आली तसा मी वरमलो आणि गप्प झालो.

ताईनं कप माझ्यापुढे ठेवला.

"थांबलास का? बोल, कितीबी बोल. आता तुजं बोलनं त्यांना बादत नाय."